पंप बसला, पण जुळला का?

जुन्या डिझेल ट्रॅक्टरांचे इंजेक्शन पंप (सिलिंडरांना ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मात्रेत डिझेल देणारे पंप) बदलण्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : मॅसी फर्ग्युसन ३५ आहे. पंपावरची नंबरची प्लेट कधीच पडून गेली आहे आणि आता हेड-रोटर (पंपातली डिझेल वाटणारी जोडी) घासून पंप निकामी झाला आहे. '३५ चा पंप' एवढे सांगून दुसरा घेतला तर चालेल का? प्लेट नसताना पंप ओळखायचा कसा?

उत्तर : एवढ्यावर घेऊ नका. ३५ हे ट्रॅक्टरचे नाव आहे, इंजिनाचे नाही. या एकाच नावाखाली आधी चार सिलिंडरचे स्टँडर्ड २३सी आणि नंतर तीन सिलिंडरचे पर्किन्स ३.१५२ अशी दोन वेगवेगळी डिझेल इंजिने आली. म्हणून पहिले काम सिलिंडर मोजण्याचे आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर उतरवून घेण्याचे. ३.१५२ चा अर्थ तीन सिलिंडर आणि १५२ घनइंच, म्हणजे सुमारे २.५ लिटर. या इंजिनावर सीएव्ही कंपनीचा डीपीए जातीचा रोटरी पंप असतो, म्हणजे एकच फिरता रोटर सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटतो.

प्लेट नसली तरी जुना पंप स्वतःच बरेच सांगतो. तो काढण्याआधी नोंदी करा, कारण काढल्यावर निम्मी माहिती हरवते. फ्लँज आणि टायमिंग कव्हर यांच्यावर समोरासमोर कोरलेली रेघ आहे का ते पाहा, फोटो काढा. कोणत्या आउटलेटचा पाइप कोणत्या सिलिंडरला जातो ते लिहा. डीपीएच्या आउटलेटांजवळ अक्षरे कोरलेली असतात, ती नोंदीत हवीतच.

मग फिरण्याची दिशा. ती नेहमी ड्राइव्हच्या बाजूने, म्हणजे गियरकडून पंपाकडे बघून ठरवायची. मागून बघून ठरवली की उलट उत्तर मिळते, आणि सर्वांत जास्त चुकीची खरेदी इथेच होते. इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवा आणि पंपाचा गियर कुठे जातो ते प्रत्यक्ष पाहा. क्रँककडून अंदाज बांधू नका, मध्ये आयडलर गियर असला की दिशा बदलते. रोटरी पंप उलट्या दिशेने चालवता येत नाही. आतल्या कॅम रिंगचा आकार आणि ट्रान्स्फर पंपाच्या पात्यांची बैठक दोन्ही एकाच दिशेसाठी केलेली असतात.

त्यानंतर व्हर्नियर घेऊन फ्लँजमधल्या गोल उंचवट्याचा व्यास, फ्लँजपासून शाफ्टच्या टोकापर्यंतची लांबी, स्प्लाइनची (शाफ्टवरच्या दातांची) संख्या आणि मास्टर स्प्लाइन (बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीचा दात) असेल तर तिची जागा मोजा. डीपीएचा तीन खाचांचा त्रिकोणी फ्लँज असंख्य इंजिनांना बसतो, त्यामुळे पंप बोल्टवर बसला एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. शेवटी गव्हर्नर, म्हणजे डिझेल कमी-जास्त करून इंजिनाचे फेरे ताब्यात ठेवणारा भाग. फ्लायवेटचा यांत्रिक गव्हर्नर आणि हायड्रॉलिक गव्हर्नर या दोन्ही प्रकारांत डीपीए आले. दोन्हींची लिव्हरची रचना वेगळी असते आणि भाराखाली फेरे धरून ठेवण्याची पद्धतही वेगळी असते. जुन्यावर जो होता तोच घ्या.

चार सिलिंडरचा पंप घेऊन एक आउटलेट बंद करावे असाही सल्ला दिला जातो. तो साफ चुकीचा आहे. चार सिलिंडरच्या पंपात दोन फवाऱ्यांमध्ये ९० अंश असतात, तीन सिलिंडरच्या इंजिनाला पंपाचे १२० अंश लागतात. हे अंतर कोणत्याही सेटिंगने बदलत नाही.

प्रश्न : दोन जुने डीपीए पंप मिळत आहेत. दोन्हींच्या प्लेटा वाचता येतात, पण नंबर थोडे वेगळे आहेत. कोणता आकडा महत्त्वाचा आणि कोणता सोडून दिला तरी चालतो?

उत्तर : डीपीएच्या मुख्य नंबरात चार आकडे, मग एफ अक्षर, मग पुढचे आकडे असतात. पहिल्या चारांतला तिसरा आकडा सिलिंडरची संख्या सांगतो. ३२३३एफ तीन सिलिंडरचा, ३२४८एफ चारचा, ३३६२एफ सहाचा. एफ नंतरचे आकडे तो पंप नेमक्या कोणत्या इंजिनासाठी आणि कामासाठी जुळवला होता ते सांगतात. तेवढेच वेगळे असतील तर पंप बसू शकतो, पण आतले सेटिंग तुमच्या इंजिनाचे असेलच असे नाही.

प्लेटवर आणखी एक कोड असतो, उदाहरणार्थ ईएच३९/१२००/०/२४८०. शेवटचे चार आकडे म्हणजे भार नसताना इंजिनाचे कमाल फेरे, इथे मिनिटाला २४८०. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत २२०० लिहिले असेल आणि हा पंप तसाच चढवला, तर पूर्ण रेस दिल्यावर इंजिन ठरलेल्या मर्यादेच्या बरेच वर जाईल. त्याच जातीचे इंजिन जनित्रावर असेल तर हा आकडा खूप कमी सापडतो, आणि तो पंप ट्रॅक्टरला लावला की 'दम नाही' अशी तक्रार येते. हा फरक कॅलिब्रेशनच्या बेंचवर (पंप फिरवून मात्रा आणि फेरे मोजण्याच्या यंत्रावर) दुरुस्त होतो, मात्र गव्हर्नरची स्प्रिंग वेगळी लागली तर फक्त स्क्रू फिरवून काम भागत नाही.

डिझेलची मात्रा कागदावरही ताडून पाहता येते. समजा तीन सिलिंडरचे इंजिन २००० फेऱ्यांवर २८ किलोवॅट देते. जुने इंजिन किलोवॅट-तासाला साधारण २५० ग्रॅम डिझेल घेते, म्हणजे तासाला ७००० ग्रॅम. घनता ०.८४ धरली तर सुमारे ८३३० घनसेंमी. फोर-स्ट्रोक इंजिनात तासाला १००० × ३ × ६० = १,८०,००० फवारे होतात. भागाकार केला की एका फवाऱ्याला सुमारे ४६ घनमिलिमीटर येतात. पंपाचे सेटिंग याच्या आसपास असावे. ते ६५ असेल तर तो पंप मोठ्या इंजिनाचा आहे. काळा धूर, तापलेला एक्झॉस्ट आणि शेवटी पिस्टनचे नुकसान हे त्याचे पुढचे टप्पे.

नावांच्या गोंधळाबद्दलही सांगतो. सीएव्ही, लुकास सीएव्ही, लुकास आणि डेल्फी ही एकाच घराण्याची वेगवेगळ्या काळातली नावे आहेत, आणि स्पेनमध्ये काँडिझेल या नावाने परवान्यावर हेच पंप बनत. नाव वेगळे दिसले म्हणून पंप नाकारू नका, नाव तेच दिसले म्हणून घेऊही नका.

प्रश्न : ट्रॅक्टरवर चार सिलिंडरचा बॉशच्या बनावटीचा इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर, सगळे एका ओळीत) होता. एका ट्रकचा तसाच दिसणारा पंप बसवला. मोकळे चालताना इंजिन ठीक, पण पीटीओवर (अवजाराला शक्ती देणाऱ्या शाफ्टवर) भार आला की फेरे पडतात, भार गेला की एकदम चढतात. धूरही काळा. पंप खराब निघाला का?

उत्तर : पंप बहुधा चांगला आहे, पण तो तुमच्या कामाचा नाही. गव्हर्नरवरची दुसरी प्लेट वाचा. ट्रकच्या पंपावर बहुतेक वेळा आरक्यू जातीचा गव्हर्नर असतो. तो फक्त दोन ठिकाणी लक्ष घालतो : खाली आयडल (रेस न देता चालतानाचे फेरे) आणि वर कमाल फेरे. मधले सगळे चालकाच्या पायावर सोडलेले असते. रस्त्यावर ते योग्य, कारण चालक सतत पाय हलवत असतो. शेतात हातरेस एका जागी ठेवून काम होते. तिथे प्रत्येक रेसला फेरे धरून ठेवणारा आरएसव्ही गव्हर्नर लागतो. ईपी/आरएसव्ही या अक्षरांपुढे ३५०-१२५० असे आकडे दिसतील, तर ते पंपाचे फेरे आहेत. फोर-स्ट्रोकमध्ये पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ते ७०० आणि २५०० असे वाचा. आरक्यूची स्प्रिंग घट्ट करून तो आरएसव्हीसारखा वागणार नाही. गव्हर्नर पूर्ण बदलावा लागतो आणि नंतर पंप बेंचवर घ्यावा लागतो.

काळ्या धुराचे कारण पंपाच्या मुख्य नंबरात सापडेल. पीईएस४ए८०डी अशी सुरुवात असेल तर पीई म्हणजे स्वतःचा कॅमशाफ्ट असलेला पंप, एस म्हणजे पुढच्या फ्लँजवर बसणारा, ४ सिलिंडर, ए आकाराची बॉडी, आणि ८० म्हणजे प्लंजरचा व्यास ८.० मिमी. पुढे कुठेतरी आर किंवा एल येते : ड्राइव्हकडून बघताना आर म्हणजे घड्याळाच्या दिशेने, एल म्हणजे उलट. पीएफ असेल तर त्या पंपाला स्वतःचा कॅम नाही, तो इंजिनाच्या कॅमवर चालतो. या दोघांची अदलाबदल होत नाही.

तुमचा जुना ८० आणि ट्रकचा ९० असेल तर हिशेब असा : ९ चा वर्ग ८१, ८ चा वर्ग ६४. तेवढ्याच स्ट्रोकला सुमारे २७ टक्के जास्त डिझेल जाते. रॅकचा (डिझेलची मात्रा ठरवणाऱ्या सरकत्या दांड्याचा) स्टॉप मागे घेऊन मात्रा कमी करता येते, पण डिझेल आत जाण्याचा वेग तोच जास्तीचा राहतो. फवारा लवकर उरकतो, इंजिन कडक वाजते आणि टायमिंग नव्याने शोधावे लागते. योग्य व्यासाचे एलिमेंट (प्लंजर आणि बॅरलची जोडी) घालून घेणे हा त्यातला सरळ मार्ग. प्लंजर आणि बॅरल जोडीनेच बदला, एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये कधीही घालू नका. त्यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजायची असते.

फायरिंगचा क्रमही तपासा. बहुतेक चार सिलिंडरचा क्रम १-३-४-२ असतो, काहींचा १-२-४-३. लक्षात घ्या, पहिला क्रम उलटा वाचला की दुसरा मिळतो. म्हणजे क्रम उलटा निघाला तर पंपाची दिशाही उलटी असण्याची शंका आधी घ्या. दिशा बरोबर असेल आणि फक्त क्रम वेगळा असेल, तर २ आणि ३ नंबरचे पाइप अदलाबदल करून काम होते, पण सगळ्या पाइपांची लांबी सारखी ठेवावी लागते. दाबाची लाट डिझेलमधून सेकंदाला साधारण १४०० मीटर वेगाने जाते. एखादा पाइप ३० सेंमी लांब झाला तर २००० फेऱ्यांवर त्या सिलिंडरचा फवारा जवळपास अडीच अंश उशिरा पोचतो. पाइपचे आतले भोकही सगळ्यांचे एकच हवे.

प्रश्न : फोर्डसन मेजरवर सिम्सचा पंप आहे, मागे पडद्याचा गव्हर्नर. दुसऱ्या इंजिनाचा तसाच पंप लावला तर इंजिन सुरू होताच रेस चढत गेली. बंद करताना फार घाबरगुंडी उडाली. काय चुकले?

उत्तर : पडद्याचा, म्हणजे न्यूमॅटिक गव्हर्नर पंपावर अर्धाच असतो, उरलेला अर्धा इनटेक मॅनिफोल्डवर असतो. तिथल्या व्हेंच्युरीतली (हवेच्या वाटेतल्या अरुंद घशातली) फुलपाखरासारखी झडप रेसच्या लिव्हरला जोडलेली असते. झडप मिटली की तिच्यामागे निर्वात वाढतो, तो पाइपमधून पंपामागच्या पडद्याला ओढतो आणि डिझेल कमी होते. स्प्रिंग मात्र सतत रॅक 'पूर्ण डिझेल'च्या बाजूला ढकलत असते. आता विचार करा : पाइप सुटला, नटजवळ हवा खेचली, पडदा फाटला किंवा चढवताना पाइप जोडायचा राहिला, तर अडवणारे कोणीच उरत नाही. इंजिन सुसाट सुटते. यांत्रिक गव्हर्नरमध्ये पाइप सुटल्याने असे होत नाही, म्हणून हा धोका अनेकांच्या ध्यानात येत नाही.

पंप लावण्याआधी पडद्याची परीक्षा घ्या. निर्वाताचा पाइप काढा, स्टॉप लिव्हर पूर्ण बंद बाजूला दाबून धरा, पडद्याच्या घराचे भोक बोटाने घट्ट बंद करा आणि लिव्हर सोडा. रॅक थोडा सरकून थांबला आणि मग अगदी सावकाश परत आला तर पडदा हवाबंद आहे. झटकन परतला तर पडदा किंवा त्याची बैठक गळते.

पडदा ठीक असूनही फेरे जुळत नसतील तर स्प्रिंग दुसऱ्या इंजिनाची आहे. व्हेंच्युरीचा घसा आणि स्प्रिंग ही जोडी इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे ठरते, त्यामुळे पंप बदलताना स्प्रिंग जुन्या पंपाची ठेवणे बहुधा शहाणपणाचे. सिम्सनेच पुढे काढलेला मिनिमेक यांत्रिक गव्हर्नरचा आहे. तो लावायचा असेल तर रेसची लिव्हर थेट पंपाला जोडावी लागते आणि मॅनिफोल्डमधली झडप काढावी लागते. झडप तशीच ठेवली तर हवा अडून धूर होतो.

पहिल्यांदा सुरू करताना दुसरा माणूस जवळ असू द्या आणि एअर क्लीनरचा पाइप काढून, तोंडावर सपाट बसेल अशी फळी हाताशी ठेवा. स्टॉपने ऐकले नाही तर फळीने हवा बंद करायची. हात किंवा कापड लावायचे नाही, कापड आत ओढले जाते. डिझेलचा कॉक बंद करून भागत नाही, फिल्टरमधल्या डिझेलवर इंजिन बराच वेळ पळते. चालू इंजिनावर नोझलचे नट ढिले करायला जाऊ नका. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते आणि ती जखम दिसायला छोटी असली तरी तातडीने डॉक्टरकडे जावे लागते.

प्रश्न : बरोबर नंबरचा रोटरी पंप खुणेला खूण लावून बसवला. तरी सकाळी खूप वेळ स्टार्टर मारावा लागतो, पांढरा धूर येतो. पंप किती आणि कुठे फिरवायचा?

उत्तर : आधी एअर पूर्ण निघाली का ते पाहा. डीपीएवर एअर काढायचे दोन स्क्रू असतात, एक हायड्रॉलिक हेडजवळ आणि एक गव्हर्नरच्या घरावर. दोन्हींतून बुडबुड्याशिवाय डिझेल आल्यावर दोन नोझलचे नट ढिले करून, रेस पूर्ण देऊन स्टार्टर मारा.

एअर नसेल तर वर्णनावरून टायमिंग मागे आहे. शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेला बॉडी फिरवली तर फवारा आणखी उशिरा होतो. उलट दिशेला फिरवली तर लवकर. पंपाचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन अंश, तेव्हा एकावेळी मिलिमीटरभरच सरकवा, बोल्ट घट्ट करा आणि मगच सुरू करा. इंजिन ठोकायला लागले किंवा सुरू होताना उलट झटका देऊ लागले तर जास्त पुढे गेलात. खाचेच्या टोकापर्यंत सरकवूनही भागत नसेल तर पुढे ओढू नका, गियरचा दात चुकला आहे. ५० दातांच्या गियरवर एक दात म्हणजे पंपाचे ७.२ आणि क्रँकचे १४.४ अंश. खाचेत तेवढी जागाच नसते.

बाहेरची रेघ दुरुस्तीत पुसून नव्याने मारलेली असू शकते. खात्रीची खूण आत असते. बाजूचे दोन स्क्रूंचे झाकण काढल्यावर फिरत्या प्लेटवर अक्षरांच्या रेघा दिसतात. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर, फ्लायव्हील पुस्तिकेतल्या अंशावर असताना ठरलेल्या अक्षराची रेघ सर्क्लिपच्या सरळ कडेशी जुळली पाहिजे. ते अक्षर इंजिनागणिक बदलते, शेजारच्या ट्रॅक्टरचे चालत नाही.

इनलाइन पंप असता तर पहिल्या एलिमेंटचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून वाकडी नळी लावली असती, रॅक पूर्ण डिझेलवर ठेवून इंजिन हळूहळू फिरवले असते. धार थांबून थेंबावर येते तो क्षण म्हणजे फवाऱ्याची सुरुवात.

प्रश्न : इनलाइन पंपाऐवजी रोटरी लावता येईल का?

उत्तर : त्याच इंजिनासाठी कारखान्याने दोन्ही प्रकार दिले असतील तर येईल, तेव्हा टायमिंग कव्हर, गियर, पाइप आणि लिव्हरसकट सगळा संच घ्या. नाहीतर नाद सोडा. इनलाइनच्या कुशीवरचा फीड पंप त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे वेगळा फीड पंप आणि परतीचा पाइप लागतो. शिवाय इनलाइनच्या कॅमला ऑइल मिळते, रोटरी पूर्णपणे डिझेलवर वंगण घेतो. त्याला पाणी, घाण आणि रॉकेलची भेसळ अजिबात सोसत नाही.

प्रश्न : भंगारातून पंप घेताना काय तपासावे? रबरी सील बदलले की पुरे का?

उत्तर : शाफ्ट हाताने पूर्ण फेरा फिरला पाहिजे. अडकला तर जोराने फिरवू नका, रोटर जाम आहे आणि शाफ्ट तुटेल. झाकण काढून आत तांबूस गंज दिसला तर हेड-रोटर गेलेच समजा, बाकी पंप कितीही चकचकीत असो. हेड आणि रोटर जोडीनेच मिळतात, त्यामुळे अशा पंपाचे मोल फक्त बॉडी आणि लिव्हरचे.

चालत्या इंजिनावर पाहता येत असेल तर गरम झाल्यावर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगा. थंड असताना पटकन सुरू आणि गरम असताना नाही, हे घासलेल्या हेड-रोटरचे लक्षण आहे : गरम डिझेल पातळ होऊन फटीतून निसटते. बंद इंजिनाच्या पंपावर ओले फडके ठेवून थंड झाल्यावर ते सुरू झाले तर निदान पक्के. चालू गरम पंपावर गार पाणी ओतणे मात्र टाळा, तो जाम होऊ शकतो.

रूसा मास्टरचे पंप, जे पुढे स्टॅनाडाइन नावाने आले आणि जुन्या जॉन डियरवर भरपूर दिसतात, त्यांत गव्हर्नरच्या वेटांना धरणारी एक लवचीक रिंग असते. ती म्हातारी झाली की तिचे तुकडे परतीच्या पाइपच्या तोंडाशी साठतात आणि इंजिन थोडे चालून बंद पडते. तिथले फिटिंग उघडून तपकिरी-काळा चुरा दिसला तर सुधारित रिटेनर घालून घ्या, फक्त चुरा साफ करून पंप पुन्हा जोडू नका. याच पंपांच्या नंबरातही सोपी खूण आहे : अक्षरांनंतरचा पहिला आकडा सिलिंडरचा आणि पुढचे दोन प्लंजरचे. ४३१ म्हणजे चार सिलिंडर, ०.३१० इंचाचा प्लंजर.

बंद करायला विजेचा सोलेनॉइड असेल तर तो १२ व्होल्टचा की २४ चा, आणि वीज दिल्यावर डिझेल सोडतो की अडवतो ते विचारून घ्या. वायर न जोडल्यामुळे चांगला पंप 'मेला' म्हणून परत गेल्याची उदाहरणे बरीच आहेत.

सीलांबद्दल : जुने नायट्राइल सील कमी गंधकाच्या डिझेलवर आकसून गळू लागतात, म्हणून संच व्हिटॉनचा घ्या. पण फक्त सील बदलून पंप थेट इंजिनावर चढवू नका. बेंचवर चाचणीच्या ऑइलवर मात्रा, गव्हर्नरचे फेरे आणि सगळ्या आउटलेटांमधला फरक मोजून घ्या, आणि त्याच फेरीत नोझलही तपासा. जुन्या प्रीचेंबर (डिझेल आधी छोट्या कोठडीत फवारणाऱ्या) इंजिनांत नोझल साधारण १२० ते १३५ बारला उघडतात, थेट फवाऱ्याच्या इंजिनांत साधारण १७५ ते २२० ला. कमी दाबाला उघडणाऱ्या नोझलवर नवा पंपही धूरच देईल. बेंचवरच्या आकड्यांचा कागद मागून घ्या आणि पंपाला नव्याने प्लेट लावून त्यावर नंबर, दिशा आणि कमाल फेरे पंच करायला सांगा.